बैलाच्या पोटावर आयएसआय

पोळ्याला आठवडा राहिला की वरूडच्या बाजारात लाकडी बैल उतरतात. चार चाकांच्या फळीवर उभे, पाठीवर रंगवलेली झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू आणि पुढं ओढायला सुतळी. पोळा मोठ्या बैलांचा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा लेकरांचा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये ही चाल पाडली असं सांगतात. लेकरांना बैलाचं महत्त्व कळावं हा हेतू, असंही सांगतात. माझा तर्क जरा निराळा आहे. सजवलेल्या, ढोलानं बावरलेल्या खऱ्या बैलांच्या मागं लेकरं धावत असणार, आणि ते पाहून कुणातरी शहाण्या माणसाच्या पोटात गोळा आला असणार. मग त्यानं शिंगं बोथट केली, लाथ काढून चाकं लावली आणि बैल काखेत मावेल एवढा केला. विदर्भातला खेळणी-सुरक्षेचा पहिला हुकूम तो हाच, असं मी मानतो. इतिहासकारांनी मान्य करायची गरज नाही.

दिल्लीचा हुकूम निघायला त्यानंतर दोनशे चौदा वर्षं लागली. 25 फेब्रुवारी 2020 रोजी केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागानं खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. चौदा वर्षांखालच्या मुलांचं खेळणं भारतीय मानक ब्युरोच्या परवान्याशिवाय आणि आयएसआयच्या खुणेशिवाय बनवायचं नाही, बाहेरून आणायचं नाही, विकायचं नाही. आदेश त्याच वर्षीच्या 1 सप्टेंबरपासून लागू व्हायचा होता. पण ते वर्ष करोनाचं, लेकरं घरात आणि कारखाने बंद, म्हणून मुदत 1 जानेवारी 2021 पर्यंत गेली. हुकमाला कारण होतं. 2019 मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियानं आयात खेळण्यांचे नमुने तपासले, तेव्हा त्यातले जवळपास 67 टक्के नापास झाले. दहावीचा असा निकाल लागला असता तर वरूडात मोर्चा निघाला असता. खेळण्यांचा लागला म्हणून कुणाला पत्ता नाही.

मला पत्ता लागला होता, आणि नवं ज्ञान फार दिवस पोटात राहत नाही. बैल घ्यायला गेलो तेव्हा मी ते बनवणाऱ्या मिस्त्रीला विचारलंच.

"मिस्त्री, याले आयएसआय आहे का?"

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "भाऊ, बैल हाये हा. कुकर नोहे."

"पण कायदा झाला ना आता. खेळण्यावर शिक्का पाह्यजे."

मिस्त्रीनं बैल उलटा केला, पोटाखाली पाहिलं, मग पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "कुठं लावाचा? पोटावर का पुठ्ठ्यावर? डाग देतेत तसा?" आणि जरा थांबून म्हणाला, "आन् उद्या याची पूजा होईन ना भाऊ. देवाले शिक्का मागता का तुमी?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आदेशातही असेल असं वाटत नाही. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी या बैलाला कुंकू लागतं, पुरणाचा नैवेद्य दाखवतात, घरातली मोठी माणसं हात जोडतात. दुपारी नवे कपडे घालून लेकरू त्याला घरोघर ओढत नेतं आणि बोजाऱ्याचे खाऊ-पैसे गोळा करतं. संध्याकाळी त्याच बैलावर बसून पाहतं. तिसऱ्या दिवशी एक चाक खाटेखाली सापडतं. आता हा देव नेमका किती वाजता खेळणं झाला, हे ठरवायला कोणता निरीक्षक बसणार? हस्तकला विकास आयुक्तांकडं नोंद असलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंना पुढच्या दुरुस्तीत सूट मिळाली, हे चांगलं झालं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची, आंध्रातल्या कोंडापल्लीची खेळणी त्या दारानं सुखरूप बाहेर पडली. आमच्या मिस्त्रीचं काय? तो वर्षभर वखर-डवरे दुरुस्त करतो, खिडक्या-दारं बसवतो आणि पोळा आला की उरलेल्या सागवानातून बैल काढतो. आपण हस्तकलाकार आहोत हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो मजुरी वाढवेल, ही भीती आम्हा गिऱ्हाइकांना आहे.

एवढं मात्र कबूल करतो, की या आदेशामागचं मानक मला आवडलं. आयएस 9873 हा त्याचा क्रमांक. विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्यांचं वेगळं, आयएस 15644. सरकारी कागदात माणूस सापडणं कठीण. सातबाऱ्यावर शेतकरी असतो, पण तो हेक्टर-आरपुरता. मतदार यादीत फोटो असतो, तो आपला आहे हे आपल्यालाही पटत नाही. या मानकाच्या मात्र पानोपानी एक लेकरू बसलेलं आहे आणि ते सारखं काहीतरी तोंडात घालतं आहे. त्याच्या घशाची काळजी म्हणून एक छोटं नळकांडं ठरवलं आहे, आतून 31.7 मिलीमीटर रुंद, तिरक्या तळाचं, एका बाजूला 25.4 आणि दुसऱ्या बाजूला 57.1 मिलीमीटर खोल. तीन वर्षांखालच्या लेकराच्या खेळण्याचा किंवा त्यातून निघालेल्या तुकड्याचा कोणताही भाग त्यात पुरता मावला, की खेळणं बाद. दीड वर्षाखालच्या लेकराचं खेळणं 138 सेंटीमीटरवरून दहा वेळा आपटून पाहतात. एवढीच उंची का? कडेवर घेतलेल्या लेकराचा हात साधारण तिथं येतो, असा माझा अंदाज. दहाच वेळा का, हे मात्र ज्याच्या घरी दीड वर्षाचं लेकरू आहे त्याला विचारावं लागत नाही. बाहुलीचा डोळा चिमटीत धरून पिळतात, मग ओढतात. कानाजवळ धरायच्या खेळण्यानं किती ओरडावं, हेही ठरलेलं आहे. बहिरमच्या यात्रेतून आणलेल्या पिपाणीला हा नियम कुणीतरी वाचून दाखवायला हवा. रोडग्यांवर ताव मारून दुपारी आडवं झालेलं अख्खं घर दुवा देईल.

या साऱ्या चाचण्यांना त्या कागदात जे नाव आहे त्याचा मराठीत अर्थ होतो, वाजवी अंदाजात येणारा गैरवापर. म्हणजे चार गंभीर माणसं, बहुतेक चष्मेवाली, टेबलाभोवती बसून विचार करतात की लेकरू आता काय करील. चावील का? हो. फेकील का? नक्की. नाकात घालील का? घालीलच. त्याचा कागद होतो, कागदाला क्रमांक मिळतो. इतक्या बारकाईनं आमच्या लेकरांकडं सरकारनं दुसऱ्या कोणत्या खात्यात पाहिलं असेल, मला माहीत नाही. पोषण आहाराच्या खिचडीत पडलेल्या चमच्याचं माप तरी कुणी असं घेतलं आहे का?

फक्त हा अंदाज वाजवी आहे, आणि वरूडची लेकरं नाहीत.

मानकात आणखी एक यादी आहे. तीत कशाकशाला हे नियम लागू नाहीत ते दिलं आहे. मी ती वाचली आणि माझं सारं बालपण एका परिच्छेदात बाद झालं. गलोल, नाही. पतंग, नाही. त्याच्या दोरीतून वीज वाहते का, एवढंच पाहतात. धातूच्या टोकाचे बाण, नाही. अडीच हातांपेक्षा जास्त, म्हणजे बरोबर सांगायचं तर 120 सेंटीमीटरच्या वर लांबीचं धनुष्य, नाही. फटाके नाहीत, अपवाद फक्त खेळण्यातल्या पिस्तुलात घालायच्या टिकल्यांचा. पाचशेहून जास्त तुकड्यांचं कोडंदेखील नाही, पण ते वरूडात कुणी घेत नाही, घेतलं तरी आठवडाभरात ते आपोआप पाचशेच्या खाली येतं. यामागचा तर्क सरळ आहे. या वस्तू खेळण्यासारख्या दिसल्या तरी हत्यारं, खेळसाहित्य किंवा दुसरं काही आहेत, त्यांना वेगळे नियम हवेत. पतंगाचंच पाहा. राष्ट्रीय हरित लवादानं नायलॉन मांजावर 2017 मध्ये देशभर बंदी घातली, पण ती पाखरांच्या आणि माणसांच्या गळ्यापायी. त्याचा खेळण्यांच्या मानकाशी संबंध नाही. तरीही उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्याच्या हातात गलोल नव्हती असं पोट्टं मला दाखवा, मग आपण यादीवर बोलू.

आणि जे ना यादीत आहे ना आदेशात, त्याचं काय करायचं? ज्वारी काढून झाली की शेतात धांडे उरतात. त्यांच्या गाभ्यात काड्या खोचून आम्ही बैलगाडी करत असू, चाकं, जू, दांडी, सगळी. चष्मे करत असू, खाट करत असू. धांड्याची साल सोलताना बोट कापलं नाही असा कारागीर आमच्यात नव्हता. ते रक्त धुवायलाही कुणी उठत नसे, बोट तोंडात घालून काम चालू. मानकात तीक्ष्ण कडा तपासायची रीत आहे. मापाचं उपकरण आहे, त्यावर एक चिकट फीत गुंडाळतात आणि ती कडेवरून फिरवतात. फीत ठरल्यापेक्षा जास्त कापली गेली तर कड तीक्ष्ण. आमच्याकडं बोट होतं.

वरूडचं खरं खेळणं मात्र संत्रं. इथल्या लेकराला खेळणं विकत आणायची गरज पडावी हेच नवल, कारण बगिचात ते झाडावर लागतं. पावसाळ्यात आंबिया बहाराची फळगळ सुरू होते, तेव्हा घरातली मोठी माणसं झाडाखालचा हिरवा सडा पाहून गप्प होतात. त्याच सड्यातून लेकरं गोट्या, चेंडू आणि तोफगोळे निवडत असतात. लिंबाएवढं संत्रं त्या 31.7 मिलीमीटरच्या नळकांड्यात जाईल की नाही, हे मी मनातल्या मनात मोजून पाहिलं आहे. जुलैतलं जाईल, ऑगस्टातलं अडकेल. आणि फळ पिकलं की साल. संत्र्याचं साल दोन बोटांत दुमडून भावाच्या डोळ्यापुढं न्यायचं आणि दाबायचं, हा खेळ न खेळलेला माणूस वरूड तालुक्यात जन्माला आलेला नाही. ती जी झळझळीत फवारणी होते, तिच्यातला मुख्य घटक लिमोनीन. आता गंमत पाहा. युरोपीय संघाच्या 2009 च्या खेळणी नियमांत वासाच्या ज्या द्रव्यांनी अंगाला खाज-पुरळ येऊ शकते त्यांची यादी आहे, आणि तीत हे लिमोनीन नावानिशी बसलेलं आहे. खेळण्यात ते किलोमागं 100 मिलिग्रॅमच्या वर असेल तर वेष्टनावर तसं लिहावं लागतं. म्हणजे तिकडच्या सुगंधी बाहुलीला जे जाहीर करणं भाग, ते इकडं शेंदुरजना घाटापासून राजुरा बाजारापर्यंत प्रत्येक धाकट्या भावाच्या डोळ्यात बिनापरवाना जातं.

युरोपनं हे नियमही आता बदलले आहेत. 2025 च्या अखेरीस नवे मंजूर झाले. ते लागू व्हायला काही वर्षं आहेत, पण त्यांतली एक गोष्ट मला फार आवडली. यापुढं प्रत्येक खेळण्याला डिजिटल पासपोर्ट. कुठं बनलं, कोणत्या नियमात बसतं, सारं एका चौकटीच्या खुणेत, मोबाइल धरला की समोर. आमच्या गल्लीत निम्म्या माणसांकडं पासपोर्ट नाही आणि तिकडं भालूकडं असणार. आपल्याकडंही याचा धाकटा भाऊ आहेच. आयएसआयच्या खुणेखाली परवान्याचा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. मी एकदा आठवडी बाजारात हा प्रयोग करायला उभा राहिलो. प्लास्टिकच्या जेसीबीवर शिक्का होता, क्रमांकही होता, पण ऊन असं की मोबाइलवर काही दिसेना, आणि मागं रांग. दुकानदार म्हणाला, "भाऊ, पोलीस भरतीचा फॉर्म भरून राह्यले का?" मी जेसीबी घेतला. क्रमांक घरी येऊन पाहिला, खरा निघाला. जेसीबीचा फावडा तोवर तुटला होता. तेही मानकात बसतं, फावडा त्या नळकांड्यापेक्षा मोठा होता.

त्याच खोक्यावर एक चित्र होतं. गोलात एक तोंड, त्यावर तिरपी रेघ आणि शेजारी शून्य ते तीन. तीन वर्षांखालच्यांना देऊ नये, हा त्याचा अर्थ. शेजारच्या पहिलीतल्या पोरानं तो मला नीट समजावून सांगितला, "याच्या संग खेळताना रडाचं नाही." हा नियम मानकाच्या पुढच्या आवृत्तीत घ्यायला माझी हरकत नाही.

हसण्यासारखं सगळंच नाही. बाहुलीच्या पाठीत, गाणाऱ्या पुस्तकात, चमकणाऱ्या बुटात तो बटणाएवढा सेल असतो. लेकरानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत आतून भाजतो. अमेरिकेत दीड वर्षाची एक मुलगी अशी गेली, आणि 2022 मध्ये तिच्या नावानं तिथं कायदा झाला. असा सेल असलेल्या खणाला स्क्रू हवा, म्हणजे तो उघडायला हत्यार लागलं पाहिजे. हा नियम आपल्याकडच्या खेळण्यांनाही आहे. पण वरूडच्या घरात स्क्रू टिकतो का? सेल बदलायला आबा खण उघडतात, स्क्रू चौरंगावर ठेवतात, चौरंग कुणीतरी उचलतं. मग खणाला रबर. टीव्हीच्या रिमोटला तोच रबर, घड्याळाला तोच. सरकारनं हत्याराची अट घातली, आम्ही ती दुधाच्या पिशवीच्या रबरानं सोडवली. इथं मात्र मला आबांची बाजू घेता येत नाही.

आणि 2025 च्या दिवाळीत सीमेपलीकडं भोपाळकडं काय झालं ते सगळ्यांनी वाचलं. नळाच्या पाइपाचा तुकडा, गॅसचा लायटर आणि कॅल्शियम कार्बाइड, एवढ्यातून केलेली बंदूक शे-दोनशे रुपयांत हातोहात विकली गेली, आणि शंभरावर लेकरांच्या डोळ्यांना इजा झाली. काहींची नजर गेली. ती बंदूक कोणत्याच खोक्यात आली नव्हती, तिच्यावर कुणाचा शिक्का नव्हता आणि तिचं मानक करायला कुणी टेबलाभोवती बसलं नव्हतं. एका लेकराचा व्हिडिओ दुसऱ्यानं पाहिला, दुसऱ्याचा तिसऱ्यानं. नियम दर दहा वर्षांनी सुधारतो, खेळ दर शनिवारी. म्हणून नियम नको असं म्हणणारा मी नाही. रंगातल्या शिशाचं पाहा. घरगुती रंगात शिसं दहा लाखांत 90 भागांच्या वर नको, हा नियम 2016 मध्ये झाला. त्यामुळं आमच्या मिस्त्रीच्या हातातला रंगाचा डबा त्याच्या नकळत बदलला असावा. त्यानं मात्र ब्रश तोच ठेवला आहे आणि झुलीचा लाल रंगही तोच.

दोरीवरून आमचं पुन्हा बोलणं झालं, कारण मी ऐकणारा नव्हे. दीड वर्षाखालच्या लेकराच्या खेळण्याची मोकळी दोरी 220 मिलीमीटरच्या आत हवी, गळ्याभोवती फास बसू नये म्हणून. मी त्याला म्हटलं, वीतभर ठेवा. मिस्त्रीनं वीत मांडून दाखवली. "इतकुसी? मंग बैल वढाले लेकरानं रांगाव लागन भाऊ." त्याचंही खरं होतं. मग तो म्हणाला की दीड वर्षाचं लेकरू बैल ओढतच नाही, त्याचा बाप ओढतो.

हे मी त्यानंतर दर तान्ह्या पोळ्याला पाहतो आणि मिस्त्रीच्या निरीक्षणाला दाद देतो. चौकात बैलांची रांग लागते. तोरणाखाली बैल उभे, त्यांच्या सुतळ्या बापांच्या हातात, लेकरं खांद्यावर पेंगलेली. कुणाचा बैल मोठा, कुणाची झूल भारी, यावरून बोलणी बापांचीच. बक्षिसाच्या वेळी तर आजोबाही पुढं सरकतात. खोक्यावर लिहिलेलं असतं, मोठ्यांच्या देखरेखीखाली खेळावं. मोठ्यांवर कुणी देखरेख करावी ते लिहिलेलं नसतं. आदेश चौदा वर्षांपर्यंतचा. त्यापुढं वाटेल त्याच्याशी खेळा, सरकारची हरकत नाही.

आमच्या वरूडपासून तासाभराच्या वाटेवर, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी हे सिद्ध होतं. आमचं लेकरू जेव्हा लाकडी बैल ओढत असतं, तेव्हा तिकडं जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभं राहतं, मध्ये पात्रात पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. तो आणायचा. दोन्हीकडून गोटमार, म्हणजे खऱ्या दगडांचा मारा. दर वर्षी शेकडो डोकी फुटतात, जीवही गेले आहेत. खेळणारे सगळे मोठे, मिशीवाले, लेकराबाळांचे. प्रशासनानं एकदा मानकवाल्यांना शोभेल असाच उपाय केला. दगडांऐवजी रबरी चेंडू आणून दिले. खेळणाऱ्यांनी थोडा वेळ चेंडूंकडं पाहिलं असेल, मग दगडच उचलले. चेंडू, माझा अंदाज, संध्याकाळी गावातल्या पोट्ट्यांनी क्रिकेटसाठी नेले असावेत. चौदा वर्षांखालच्या.